आबाजींनी पसंत केलेली नवरी

नारायणकाकाचं लग्न मोडलं तेव्हा मी सहा वर्षांची होते, आणि ते मोडण्याचं सगळं काम मी एकटीनं केलं होतं. कुणाची मदत घेतली नव्हती.

आमचं घर इंझोरीचं. घरात शब्द चालायचा तो आबाजींचा, म्हणजे माझ्या आजोबांचा. बैल घ्यायचा असो की सून आणायची असो, आबाजी एकदा समोर उभं करून पाहायचे आणि सांगायचे, "चालते," किंवा "नाई चालत." त्यांची नजर आसपासच्या गावांत नावाजलेली होती. मी जरा कळती झाले तोवर ती गेली. उजवा डोळा पुरता पांढरा झाला आणि डाव्यात धुकं उतरलं. पण आबाजींनी ही गोष्ट कुणाला कळू दिली नाही, निदान असं त्यांना वाटत होतं. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त सगळ्यांना ठाऊक आहे हे आबाजींना ठाऊक नव्हतं. ते उंबऱ्याला अडखळले की माझी आई उंबऱ्यालाच बोल लावायची.

अशात काकासाठी कामरगावची मुलगी सांगून आली. गिरजा तिचं नाव. काकानं तिला जत्रेत लांबून पाहिली होती आणि तेव्हापासून तो भाकर कमी खात होता. पण पसंती द्यायची ती आबाजींनीच.

"मीच जातो, मीच पाहातो," आबाजी म्हणाले. त्यावर घरात कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी आबाजींनी मला गोठ्यामागं नेलं. "येमे, आपन एक खेळ खेळू. लोकाच्या घरी गेलो का माहं बोट सोडू नको. पायरी आली का एक डाव हात दाबजो. मोठं मानूस समोर आलं का दोन डाव. आन् नवं लुगडं नेसून बाई पाटावर बसली का तीन डाव. तीच नवरी."

"कायले दाबाचं?"

"खेळ हाय."

सकाळी आजीनं माझी वेणी घालता घालता वेगळंच शिकवलं. "लोकाच्या घरी चालली तू. कोनी इचारल्याबिगर तोंड उघडू नको. आन् इचारलं तं खरं सांगजो." (मी दोघांचंही ऐकलं. पुढं जे झालं त्यात माझा आज्ञाभंग कुठंच नाही, हे वाचणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.)

बाबांनी बैलांची दमणी जुंपली आणि आम्ही तिघं कामरगावला गेलो. सुरुवात झकास झाली. ओट्याच्या तीन पायऱ्या, तीनदा हात दाबला. आबाजी तरण्या माणसासारखे चढले. गिरजाचे वडील शंकरराव पुढं आले, मी दोनदा दाबलं. आबाजींनी ऐटीत रामराम घातला. बैठकीत तक्क्याला टेकून ते बसले. बाबा कोपऱ्यात बसले. वडिलांसमोर तोंड उघडायची त्यांना सवय नव्हती. माझ्या मोकळ्या हातात कुणीतरी मुरमुऱ्याचा लाडू दिला. समोर रिकामा पाट मांडला होता. मी लाडू खात पाटावर नजर ठेवून होते.

आतून एक बाई आली. अंगावर करकरीत हिरवं लुगडं होतं. ती पाटावर बसली. मी तीनदा हात दाबला.

ती गिरजाची आजी होती. नातीला पाहायला पाहुणे येणार म्हणून तिनं ठेवणीतलं लुगडं काढलं होतं, आणि गुडघे धरले म्हणून समोर दिसला त्या पाटावर बसली होती. तोंडात एकही दात नव्हता. पण दातांबद्दल मला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

आबाजींनी मान ताठ केली आणि पाटाच्या दिशेनं बराच वेळ पाहिलं.

"नाव काय बाई तुहं?"

म्हातारी जरा गांगरली. "माहं? चंद्रभागा."

आवाज थोडा जाड वाटला, पण पोरीला पडसं झालं असेल असं आबाजींनी धरलं. (हे त्यांनी आम्हाला नंतर सांगितलं.) नाव गिरजा ऐकलं होतं, ते चंद्रभागा निघालं, घरात एक नाव आणि पत्रिकेत एक असतंच.

"रांधता येते?"

"येत होतं. आता चुलीपाशी बसनं होत नाई."

आबाजींनी याचा थोडा विचार केला. शंकररावांना वाटलं, पाहुणे मोठे रीतीचे दिसतात, आधी घरातल्या वडीलधाऱ्या बाईची विचारपूस करतात. त्यांनी बाबांकडे कौतुकानं पाहिलं. बाबा आढ्याकडे पाहत होते.

"कितवं वरीस हाय?"

"कोनाले ठाव बाप्पा," चंद्रभागाबाई म्हणाली. "मोठ्या दुष्काळात मले चार लेकरं होते, एवढं ध्यानात हाय."

आबाजींनी पागोटं सारखं केलं.

"चार," ते म्हणाले.

"चार. दोन गेले, दोन हायेत."

"मंग शंकरराव," आबाजी अगदी शांतपणे म्हणाले, "पोट्टी नाकी-डोळी नीट हाय, मानूस म्हून मले पसंत हाय. पन आमचा नारायण पयलवर हाय, त्याचं हे पयलंच लगन. असं कराले नोको होतं तुमी."

शंकररावांनी आबाजींकडे पाहिलं, मग आपल्या आईकडे, मग दारात ताट धरून उभ्या असलेल्या खऱ्या गिरजाकडे. आणि मग सरळ मला विचारलं, "काय गं बाई, तुह्या आबाजीले दिसत नाई का?"

आता मला विचारलं गेलं होतं.

"नाई दिसत," मी म्हणाले. "उजवा डोळा पुरा गेला. डाव्यात धुकं हाय. मी हात दाबतो मंग त्याईले समजते." कुणी थांबवलं नाही, म्हणून मी अजून सांगितलं. आबाजींनी बैलाला रामराम घातला ते सांगितलं. धोतर उलटं नेसले ते सांगितलं. आईनं ताटात भाजी कुठं आहे हे कळावं म्हणून बांगड्या वाजवायची रीत काढली, तेही सांगितलं. "आन् आमच्या घरी हे कोनी बोलत नाई," असं म्हणून मी उरलेला लाडू संपवला.

शंकरराव उठून उभे राहिले. "बुढ्याचे डोळे गेले ते देवाच्या हाती हाय. पन साऱ्या घरानं मिळून लपवलं, तं पोराचं काय काय लपवलं असन? आमाले इचार करा लागन." इचार करा लागन म्हणजे काय, ते तेव्हा लहान मुलांनाही कळायचं.

परतीच्या निम्म्या वाटेत आबाजी म्हणाले, "येमे, बैलाले रामराम कवा घातला म्या?"

"सोमवारी."

"मले कोतवाल वाटला." थोड्या वेळानं ते म्हणाले, "त्यानं मान हालवली होती." मग विचारलं, "घरात कोनाकोनाले ठाव हाय?"

मी बोटांवर मोजलं. "आजीले, मायले, बाबाले, काकाले, कुत्र्याले."

"कुत्र्याले?"

"तुमी आले का तो वाटेतून उठून जाते."

आबाजींनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "मंग मी एवढे दिवस एकटाच कायले सांभाळून चालत होतो," ते म्हणाले. बाबांनी बैलांकडून तोंड फिरवलं नाही, पण दमणी हळू केली. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की आपण काहीतरी सांडलं आहे.

घरी आजीनं माझ्याशी बोलणं टाकलं. काका जेवायलाच बसेना. आठ दिवस आमच्या घरात फक्त कुत्रं मोकळेपणानं वावरत होतं.

नवव्या दिवशी दारात दमणी थांबली आणि हिरवं लुगडं खाली उतरलं. मागून शंकरराव, खाली मान घालून. चंद्रभागाबाई थेट आबाजींसमोर येऊन बसली.

"मी हाय, चंद्रभागा. पाटावरची," ती म्हणाली. "माहं नाव मले कोनी किती वर्सांत इचारलं नोतं. सारे बुढी म्हनतेत. तुमी इचारलं. पोट्टी याच घरी देजो म्हून म्या पोराच्या मागं लागलो. पन आंधळं एकच हाय का दोन, ते पाहू द्या."

तिनं कनवटीचा सुई-दोरा काढून काकापुढं धरला. तीनदा दोरा चुकला, चौथ्या खेपेला सुई ओवली गेली. पण शंकररावांचं समाधान होईना.

"हे पोट्टी खोटं बोलत नाई," म्हातारीनं माझ्याकडे बोट केलं. "इलेच इचार."

काकानं माझ्याकडे असं पाहिलं की ते अजून आठवतं.

"पोरगा कसा हाय बाई?" शंकररावांनी विचारलं.

"चांगला हाय," मी म्हणाले. "घोरते लय. थंडीत आंघोळ चुकवते. आन् जत्रा झाल्यापासून गोठ्यात एकटाच गिरजा गिरजा करते."

काका उठून गोठ्यात गेला. शंकरराव आठ दिवसांत पहिल्यांदा हसले असावेत. तिथंच सुपारी फुटली.

लग्न झालं. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, म्हणून पुढच्या हिवाळ्यात बाबांनी आबाजींना अकोल्याला नेऊन डाव्या डोळ्यावरचा पडदा काढवला. जाड भिंगांचा चष्मा लावून ते घरी आले. आधी आजीकडे पाहिलं आणि काही बोलले नाहीत. संसार जुना होता. मग त्यांनी मला समोर उभं केलं. मी तोंड धुऊन, वेणी घालून तयारच होते. त्यांनी मला पुढून पाहिलं, बाजूनं पाहिलं, बैल पाहावा तसं सावकाश पाहिलं.

"पोट्टी गुनाची हाय," ते शेवटी आईला म्हणाले. "पन इले पाहाले येईन त्या घरचा बुढा माह्यासारखाच पाहिजे. पडदा काढाच्या आंधीचा."

माझं लग्न सोळाव्या वर्षी जमलं. सासरे मला पाहायला आले तेव्हा त्यांचा चष्मा घरीच राहिला होता.