शुगर गेल्याचा पुरावा

वर्षभर भात सोडला, पहाटे पाय झिजवले, तेव्हा कुठं डॉक्टरांनी माझी शुगरची गोळी बंद केली. बायकोनं ही बातमी मुखेडला, तिच्या भाचीच्या लग्नात, सगळ्यांना सांगितली. झालं! पंगतीत तिचे मामा जिलेबीचं ताट घेऊन माझ्यापुढंच बसले.

“शुगर गेली ना? मग खा की!”

मी हात आडवा केला. मामांनी अख्ख्या पंगतीला ऐकवलं, “जावयाची शुगर गेली न्हाई बरं का. नुसत्या गप्पा हायेत.”

बायकोचं तोंड उतरलं. तिच्या अब्रूखातर मी मुकाट्यानं जिलेब्या गिळल्या.

“आता पटलं!” म्हणत मामांनी माझी पाठ थोपटली, स्वतःचा सदरा वर करून आपल्याच पोटात इन्सुलिनची सुई टोचली आणि उरलेलं ताट स्वतःपुढं ओढलं.