कालिंदाचं ‘वॉकेड’

ईशान, मीरा — हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, आणि ते तर आता गेले. तुमच्या बाबालाही माहीत नाही, जरी त्याचा यात थोडा भाग आहे.

तुम्ही फोनवर म्हणता, आजी, तुझं इंग्रजी किती स्वच्छ आहे गं. मी हसते. मग फोन ठेवते आणि पुसलेला ओटा पुन्हा पुसते.

लातूरच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायची, एवढं तुम्हाला ठाऊक आहे. कसं शिकवायची? माझं स्वतःचं शिक्षण हैदराबादला, कॉन्व्हेंटात. ‘वॉक’चा भूतकाळ लिहिताना शेवटी ई-डी लागतो, पण म्हणताना ‘वॉक्ट’ — हे मला लहानपणापासून येत होतं. वर्गात मात्र मी ‘वॉकेड’ म्हणायची. लुकेड. हेल्पेड. श्रुतलेखनात मुलं तो ई-डी विसरत आणि मार्क जात. खणखणीत ऐकवला की विसरत नसत. आमच्याकडे बरेच जण तसंच शिकवत. निकाल चांगला लागायचा, आणि माझं नाव व्हायचं.

घरी आले की तुमच्या बाबाला समोर बसवायची. वॉक्ट, लुक्ट, हेल्प्ट. तोही त्याच शाळेत होता. एकदा म्हणाला, “आई, वर्गात तर तू वेगळंच म्हणतेस.” मी म्हटलं, “ते शाळेतलं. हे आपलं.”

हे वाक्य मी सहज बोलले होते. भाजी निवडता निवडता.

कालिंदा रेणापूरहून एसटीनं यायची. शेतकऱ्याची मुलगी. माझा शब्द न् शब्द उचलायची — ई-डी म्हणताना मी मान हलवायची, तीही हलवायची. पोरी चिडवायच्या, “आल्या बघा छोट्या बाई!” तिला ते आवडायचं. तिला शिक्षिकाच व्हायचं होतं, आमच्याच शाळेत. पुढे बी.एड. करून ती तिथेच मुलाखतीला आली. टेबलाच्या अलीकडे मुख्याध्यापक, पुण्याहून आलेले एक साहेब, आणि मी.

तिला उतारा वाचायला दिला. कुठेही न अडखळता वाचत होती. वॉकेड — साहेबांनी मान वर केली. लुकेड — ते हसलेच. म्हणाले, “हे असं कुणी शिकवलं तुम्हाला?”

तिनं नाव घेतलं नाही. बाई समोर बसलेल्या असताना आपण कसं बोलायचं? ती माझ्याकडे बघत राहिली. मी सांगेन म्हणून. कदाचित अभिमानानं सांगेन, असंही तिला वाटलं असेल.

मी म्हटलं, “खेड्याकडची मुलं, सर. घरी कुठलं आलंय इंग्रजी?”

आणि हसले. साहेबांबरोबर मीही हसले — ते हसणंच तुम्हाला सांगायचं होतं.

जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. त्या दिवशी घरी येऊन मी जेवले. व्यवस्थित जेवले.

गेल्या उन्हाळ्यात इथे नांदेडला चष्म्याच्या दुकानात कुणीतरी वाकून पाया पडलं. “बाई! वळखलं का? कालिंदा. रेणापूरची.” केस पांढरे झालेले. सोबत मुलगी. कालिंदाला भोकरला दिलं होतं; घरीच शिकवणी घेते, म्हणाली, गल्लीतली लई पोरं येतात. मग तिनंच ती मुलाखत काढली. “तवा ते साहेब हसले न्हाई का बाई? मला वाटलं, माझंच कच्चं राहिलं. तुमचं सगळं पुन्हा घोटून काढलं मग. आता पोरांकडून तसंच घोटून घेते.”

मी काहीतरी म्हणायला हवं होतं. दुकानात गर्दीसुद्धा नव्हती.

तिनं मुलीला पुढे केलं. “म्हण गं. बाईंपुढं म्हण.”

मुलीनं हात मागे बांधले. वॉकेड. लुकेड. हेल्पेड. प्रत्येक शब्दाला मान हलत होती — माझ्यासारखी.

म्हणून झाल्यावर दोघी माझ्याकडे बघत राहिल्या.

मी म्हटलं, “छान.”

माझा चष्मा तयार होता. तो घेतला आणि घरी आले.