तेलविहिरीतून आलेले तीन कॅन

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. चहाला चार माणसं उभी राहिली की एक निघतो, त्याला धरून दुसरा. शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या छोट्या कारखान्यात चहा दिवसातून पाच वेळा होतो, त्यामुळे माझ्याकडे साठा बराच आहे.

आधी आम्ही काय बनवतो ते सांगते. जुन्या तेलविहिरीतून तेलापेक्षा पाणीच जास्त यायला लागतं. खालच्या खडकात पाण्याने आपली सोपी वाट धरलेली असते आणि तेल बाजूला अडकून बसतं. आम्ही पॉलिमरचं पातळ द्रावण देतो. ते पंपाने खाली सोडायचं. तिथल्या उष्णतेत ते सावकाश घट्ट होतं, त्याचं जेल बनतं आणि पाण्याची वाट बुजते. मग पाणी दुसरीकडून जातं आणि जाता जाता अडकलेलं तेल ढकलत आणतं.

एवढं सगळं मी पेठ वडगावच्या काकांना एका लग्नात समजावून सांगितलं. काकांच्या शेतात तीन बोअर मारून झालेत, तिन्ही कोरडे.

"म्हंजे जमिनीतनं पाणी येतंय, ते बंद करायचा तू पगार घेतीस?"

मी हो म्हणाले.

"पोरी, हितं कुणाला सांगू नकोस!"

* * *

आमच्या शेजारी फाउंड्री आहे. तिचे मालक एकदा बादली घेऊनच आले. "तुमचं ते पाणी आडवायचं औषध द्या की जरा. गच्ची गळतीय."

आमचे मालक चौगुले साहेब, त्यांनी पावण्यांना बसवून समजावलं, की ते घट्ट व्हायला नव्वद डिग्री उष्णता लागते.

पावण्यांनी बादली उचलली. "मग मे महिन्यात लावतो की!"

* * *

मिक्सर भगवान मामांच्या ताब्यात असतो. मामा मुरगूडचे. पॉलिमरची पावडर पाण्यात एकदम टाकली की गुठळ्या होतात आणि त्या काही केल्या विरघळत नाहीत. म्हणून चौगुले साहेबांनी पुण्याहून पावडर सोडायचं महागडं मशीन आणलं. मशीनने पहिल्याच दिवशी पिंपभर गुठळ्या करून दिल्या. मामांनी ते बंद केलं, स्टुलावर चढले आणि मुठीतून भुरभुरत अख्खी बॅच केली. एक गुठळी नाही!

"मामा, ट्रेनिंग कुठं घेतलं?" साहेबांनी विचारलं.

"घरात. पिठलं मीच करतोय. गुठळी झाली की बायको ताट सरकवती."

मशीनवर आता आम्ही जेवणाचे डबे ठेवतो.

* * *

जेल जमलं का हे बघायची पद्धत अगदी साधी आहे. द्रावण बाटलीत भरून ओव्हनमध्ये ठेवायचं आणि नंतर बाटली उलटी करायची. आतलं हललं नाही तर पास.

एकदा गुजरातेतून त्रिवेदी साहेब तपासणीला आले. तेलविहिरीवरचे इंजिनियर, अतिशय गंभीर माणूस. त्याच दिवशी कुणीतरी मिसळीचा कट लॅबच्या कोऱ्या बाटलीत भरून गरम करायला ओव्हनमध्ये ठेवला होता. कुणीतरी म्हणजे मीच. साहेबांनी एकेक बाटली उलटी केली. चौथी उजेडात धरून बराच वेळ बघितली, मग वहीत काहीतरी लिहिलं. मी नंतर हळूच वाचलं.

"नमुना चार. जेल झालेलं नाही. तेल मात्र पूर्ण वर आलं आहे."

* * *

पुढे याच त्रिवेदी साहेबांनी आम्हाला एक विहीर दिली. आमची पहिलीच. ती फसली तर लॅब बंद, आणि आपण सगळ्यांनी परत इचलकरंजीच्या यंत्रमागांना सुताची खळ पुरवायची, असं चौगुले साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं. ती लॅब मी एकेक बाटली जमवून उभी केलेली.

पॉलिमर किती घालायचा हे विहिरीच्या पाण्यावर ठरतं. पाणी जितकं खारं, तितका पॉलिमर जास्त. म्हणून त्रिवेदी साहेबांनी विहिरीच्याच पाण्याचे तीन कॅन पाठवले. ते आठवड्यात संपले. रिकामे कॅन परत धाडायला मी दाराशी ठेवले आणि आणखी पाणी मागवलं. दोन दिवसांनी बघते तर दाराशी तीन भरलेले कॅन, लेबल तेच. नवीन पाणी आलं म्हणून मी शेवटच्या चाचण्या त्यावर उरकल्या. निकाल असा, की निम्म्याच पॉलिमरमध्ये जेल दगडासारखं! चौगुले साहेबांनी पेढे वाटले.

आम्ही गुजरातेत विहिरीवर पोचलो. पंप सुरू करायच्या आधी त्रिवेदी साहेबांनी तिथल्या पाण्यात आमच्या मापाने नमुना बनवला, गरम केला आणि आमच्यावर विश्वास ठेवून झाकण न लावता उलटा केला. सगळं त्यांच्या बुटांवर.

मी मामांना फोन लावला. "मामा, दाराशी ते भरलेले कॅन कुणी आणून ठेवले होते?"

"कोण आणतंय? तितंच हुते की. मी भरून ठेवले."

"कशानं?"

"नळाच्या पाण्यानं. पावण्यांचं भांडं रिकामं कसं धाडायचं, मॅडम? आधी घासलं बी चांगलं. लई खारट वास मारत हुतं."

मी त्रिवेदी साहेबांना खरं ते सांगितलं. मी मागवलेलं पाणी तर तिथून अजून निघालंच नव्हतं. त्यांनी बूट पुसले. मग पॉलिमरच्या गोण्या किती आणल्यात, एवढंच विचारलं. नशिबाने ट्रक जुन्या मापानेच भरला होता; परत करायचे ते तीन कॅनही त्यातच होते. दोन दिवस तिथल्या पाण्यात नव्याने नमुने केले आणि मग पंप सुरू झाला.

त्यानंतर दीड महिना काही कळेना. फोन केला की त्रिवेदी साहेब म्हणायचे, "वेट करो."

एका सकाळी ट्रान्सपोर्टच्या गाडीतून तीन कॅन उतरले. चिठ्ठी नाही, निरोप नाही, लेबल तेच. मामांनी झाकण उघडलं. आत काळंभोर तेल, काठोकाठ! दुसऱ्यातही तेच, तिसऱ्यातही तेच. मी तिथेच पिंपावर बसले आणि रडले. मला त्याची लाज वाटत नाही.

मामांनी तेल पिंपात ओतून घेतलं आणि कॅन धुवायला नळाखाली धरले. गाडीवाला निघाला होता, त्याला हाक मारली.

"ओ पावणं, थांबा की जरा! ह्येच्यात काकवी भरून देतो."