मळ्यात शिकलेली बोली

लग्न होऊन अकोल्याला आले तेव्हा मला कानडीखेरीज काही बोलता येत नव्हतं. यजमान शाळेत मास्तर. ते कामावर गेले की दिवसभर मी मुकी.

घरामागे माळ्यांचा मळा होता. भाजीला गेले आणि वांग्यांकडे बोट दाखवलं, तर म्हाताऱ्या माळणीनं टोपलीच मागे ओढली.

"बोट नाई बाई. तोंडानं माग."

"बदनेकायी," मी म्हणाले.

तिच्या दोघी सुना खो खो हसल्या. म्हातारीनं वांगं माझ्या हातात ठेवलं आणि "मले वांगे पाह्यजे" असं माझ्याकडून घोकून घेतलं.

त्यानंतर त्यांनी ठरवूनच टाकलं, मास्तरणीशी खुणांनी कुणी बोलायचं नाही. दुपारी मी त्यांच्यात जाऊन बसे. सुना मेथीच्या जुड्या बांधत, मी चुकले की दोघी एकदम सुधारत. 'का'ला त्यांचा 'काहून' हा शब्द मला फार आवडला. ऊठसूट विचारी, काहून? हिवाळा सरेपर्यंत मी त्यांच्याशी भांडायलाही लागले.

मग एका वकिलांकडे हळदीकुंकवाला गेले. बाई पुण्याच्या. लाडू पुढे करून म्हणाल्या, "आणखी घ्या ना."

"नाई, मले पुरे झालं," मी मोकळेपणी म्हटलं. "तुमी काहून नाई खाऊन राहिल्या?"

बायकांनी पदर तोंडाला लावले. माझं काय चुकलं ते मला कळेना, पण कान तापले.

दुसऱ्या दिवशी मळ्यात हे सांगताना रडूच आलं. म्हातारीनं खुरपं खाली ठेवलं.

"तू काय म्हनलं थे त्याइले समजलं का नाई?"

"समजलं."

"मंग? बोलनं आनखी कायसाठी असते? तिकडची बोली पाह्यजे असंल तं तिकडच्याइजवळ शिक. आमच्याजवळ आमचीच हाये."

तिचं म्हणणं मला पटलं. पुढे त्याच वकिलीणबाईंकडे जाऊन मी पुस्तकी मराठी शिकले. हे लिहिते आहे ते त्याच मराठीत. मळ्यात मात्र कधी ती बोलले नाही.

काही वर्षांनी यजमानांची अमरावतीला बदली झाली. निघताना म्हातारी टांग्यापाशी आली. "तुह्या बोलीत 'ये' कसं म्हन्तेत वं?"

"बा."

"बा? बा तं आमी बापाले म्हनतो!" ती पोट धरून हसली. टांगा हलला तशी दोन पावलं मागोमाग आली आणि हात उंचावून ओरडली, "बा वं पोरी, बा!"