काकांनी माझ्या हसण्याचा अर्थ लावला

मंडळी, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही.

मी रामदासपेठेतल्या एका लॅबमध्ये रक्त तपासते. कोराडीचे एक काका मूत्राशयाच्या कॅन्सरमुळे नेहमी येतात. रक्तातल्या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींच्या एकमेकींशी असलेल्या प्रमाणावरूनही आजार कुठे चाललाय, याचा डॉक्टर अंदाज घेतात. आज ते प्रमाण फारच बिघडलेलं होतं.

रिपोर्ट घेताना काकांनी विचारलं, "कसा आहे वं पोरी?"

"डॉक्टर सांगतील, काका," म्हणत मी सवयीनं हसले.

त्यांनी तिथूनच काकूंना फोन लावला. "भिऊ नको वं. रिपोर्ट चांगलाच असन. पोरगी हासली न!"

मी पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं. काका खुशीत जिना उतरले.

आता डॉक्टरांनी त्यांना सांगितलंही असेल.

तुम्ही असता, तर काकांना मागे बोलावलं असतं का?