मुठीचे जोंधळे

आमच्या ख्रिस्ती घरात एक रीत होती. भाकरीचे जोंधळे दळायला काढले की आधी एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकायची. ती देवाची मूठ. महिन्याच्या शेवटच्या रविवारी मडकं सांगलीच्या चर्चमध्ये न्यायचं, आणि तिथलं महिला मंडळ ते धान्य गोरगरिबांना वाटायचं. माझी आई हे करायची, म्हणून मीही करत आले.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही कवठे महांकाळला होतो. यजमान शाळेत मास्तर, आणि गल्लीत ख्रिस्ती घर आमचं एकटंच. भिंतीला भिंत लागून एका मावशीचं घर होतं. पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखणारी माणसं. त्या वर्षी निम्मी मेंढरं चाऱ्यावाचून गेली, उरलेली घेऊन तिचा मुलगा नदीकाठाकडे निघून गेला. घरात मावशी आणि पहिल्या खेपेची गरोदर सून. मावशी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची आणि त्यावर दोघींचं भागायचं.

तेव्हा माझं काय चाललं होतं, तर मंडळात माझं मडकं सगळ्यांत हलकं निघालं होतं. तिथल्या एक जाणत्या बाई चारचौघींत म्हणाल्या, "मास्तरांचा पगार तर दर महिन्याला येतो ना?" बाकीच्या हसल्या. माझ्या अंगाची नुसती लाही झाली. मी जन्माची फटकळ, पण तिथं तोंड उघडता आलं नाही, म्हणून मग हट्टाला पेटले. पोरांच्या ताटातली अर्धी अर्धी भाकरी कमी करून मुठी मोठ्या केल्या. यजमानांना वाटलं, बायकोची भक्ती वाढली. कसली डोंबलाची भक्ती! मला त्या बाईचं नाक ठेचायचं होतं.

महिना भरत आला तेव्हा सून बाळंत झाली. पुढच्याच आठवड्यात मावशीच्या बोटावर हातोडा बसला आणि तिचं काम थांबलं. सांगलीला जायच्या आदल्या दिवशी ती बोटाला चिंधी गुंडाळून आमच्या दारात उभी राहिली. एवढ्या दिवसांत तिनं माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं.

"मास्तरीणबाई, चार मुठी जुंधळं द्या," ती म्हणाली. "पोरीला दूध उतरंना झालंया."

मी म्हणाले, डबा रिकामा आहे. डबा रिकामा नव्हता, दोन दिवसांचं त्यात होतं. पण तिची नजर डब्याकडे गेलीच नाही. ती मडक्यावर गेली. गळ्यापर्यंत भरलेलं, वर पांढरं फडकं बांधलेलं.

"ते देवाचं हाय, मावशी," मी म्हणाले, आणि वर आवाजात जरब आणली.

तिनं मडक्याला हात जोडले आणि ती माघारी गेली. तिच्याही घरात देवाच्या नावानं काढलेल्याला कुणी हात लावत नसे. तिनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी माझं मडकं सगळ्यांत जड भरलं. त्याच बाईंनी उठून माझं कौतुक केलं. मग सगळ्या बायकांनी डोळे मिटून दुष्काळी भागातल्या उपाशी लोकांसाठी प्रार्थना केली, आणि मी सगळ्यांत मोठ्यानं आमेन म्हटलं. खोटं कशाला सांगू, तेव्हा मला लाजबिज काही वाटली नाही.

लाज वाटली ती सोमवारी सकाळी. दार उघडलं तर ती सून डोक्याला फडकं बांधून कामावर निघाली होती. बारा दिवसांची बाळंतीण. कामावर मजुरी होती, वर खायला सुकडी मिळायची. तान्हं मावशीच्या मांडीवर रडत होतं. अजूनही वेळ गेली नव्हती. तिला हाताला धरून घरात आणायचं आणि डबा तिच्या ओटीत उपडा करायचा, एवढंच तर होतं. पण परवा नाही म्हटलं, आज कुठल्या तोंडानं हाक मारू? मी दार लोटून घेतलं. ती खडी फोडतच राहिली आणि तिची कंबर गेली ती गेलीच. आमची साताऱ्याला बदली होईपर्यंत मी तिला सरळ उभी राहिलेली पाहिली नाही.

पंधराएक दिवसांनी मावशी पुन्हा आली. पदराच्या गाठीत रेशनची लाल मिलो ज्वारी होती, मूठभर. मला वाटलं, मला टोचायला आली. तसं काही नव्हतं. चूल पेटती झाली, म्हणून ती आमच्या देवाची मूठ घेऊन आली होती. मी मडकं आणलं. गाठ सोडता सोडता तिनं विचारलं,

"तुमचा देव ह्या जुंधळ्याचं काय करतो वो?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण त्या दिवशीच्या एका खोट्यानं अजून घसा सोलवटलेला होता.

"गरिबांना वाटतात, मावशी."

तिनं माझ्याकडे बघितलं नाही, मूठ तेवढी मडक्यावर आणली.

"मग घ्या की," ती म्हणाली. "असंल कुठं तरी एखादी बाळंतीण."

मी मडकं पुढं धरलं.