ब्राउनीची बोळवण

फुकटात कोणी दुसऱ्याची भांडी घासतं, यावर माझा कधीच विश्वास बसलेला नाही. त्यामुळे त्या वर्षी जी कादंबरी लिहायला घेतली, तिच्या नायकाचाच मला पहिल्यापासून संशय होता.

मी इंग्रजीत प्रेमकथा लिहिते. फोनवर वाचायच्या, आठवड्याला एक प्रकरण अशा. वाचणाऱ्या बायकांना तेव्हा स्कॉटलंड-आयर्लंडच्या लोककथांचं वेड लागलं होतं. धुकं हवं, डोंगर हवेत आणि नायक माणूस नको. मी बसलेय विषुववृत्ताला खेटलेल्या परदेशी शहरात, बुकित बातोक भागात, अकराव्या मजल्यावर पंख्याखाली घाम पुसत. मला कुठलं धुकं! पण शोधता शोधता ब्राउनी सापडला. केकचा नव्हे, स्कॉटलंडच्या शेतघरांतला. घर झोपलं की येतो, भांडी घासतो, लोणी काढतो, धान्य झोडपून ठेवतो. बदल्यात त्याला वाटीभर साय पुरते. मात्र कोणी कपडे दिले की तो घर सोडून कायमचा जातो. आयर्लंडचा पूकाही तसलाच. गाढवाच्या रूपात येऊन स्वयंपाकघर आवरायचा, कोट मिळाला तसा गेला. मूळचा ब्राउनी बुटका आणि केसाळ. मी त्याला सहा फूट उंच केलं आणि खांदे रुंद केले. प्रेमकथा म्हटल्यावर एवढं करावंच लागतं.

त्याच सुमाराला पुण्याहून सासूबाई आल्या. दिवाळीपुरत्या म्हणून आल्या आणि संक्रांत झाली तरी इथेच. माझं लिहायचं टेबल ज्या खोलीत, ती खोली त्यांची झाली आणि मी लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलावर आले. सकाळी उठून बघावं तर ओटा लख्ख, डाळींचे डबे भरलेले, दाण्याचं कूट तयार. म्हटलं, एवढं राबायचं कारण काय? बाईंनी इथे मूळ धरलेलं दिसतंय. नवऱ्याला तर आनंदाचं भरतं आलं होतं. हार्बरफ्रंटच्या ऑफिसातून आला की आईला इथेच राहता यावं म्हणून तिचा लाँग टर्म पास कसा करायचा याचीच चौकशी. पास झाला की माझी खोली गेली, आणि खोली गेली की माझं लिहिणं गेलं. मी कुणाला एका शब्दाने बोलले नाही. फक्त लक्ष ठेवलं.

एकदा मेथी निवडताना त्यांनी विचारलं, "काय गं लिहितेस एवढं?" मी ब्राउनीची गोष्ट सांगितली. शेवटी नायिका मोठ्या प्रेमाने सदरा शिवते, तो अंगात घालतो आणि निघून जातो. मग ती रडत बसते. मेथीची काडी हातात धरून त्या म्हणाल्या, "पण त्याला राहायचं होतं का जायचं होतं, हे कुणी विचारलं का त्याला?"

झालं! माझ्या मनात पाल चुकचुकली. म्हणजे यांना राहायचंय, आणि हे आडून आडून मलाच सुनावणं चाललंय.

मग मी जे केलं ते सरळ माझ्याच कादंबरीतून उचललं. आमच्याकडे राहायला आलेल्या बाईला साडी-नारळ देतात तो ती निघताना. बोळवण म्हणतात त्याला. मुक्कामाच्या मध्येच कोणी देत नाही. मी लिटल इंडियात जाऊन मोरपंखी रंगाची सिल्क आणली. चांगली आणली, उगाच नावं ठेवायला जागा नको. शनिवारी चहा झाल्यावर साडी आणि नारळ त्यांच्या हातात ठेवला, वाकून नमस्कार केला आणि तोंडाकडे बघत उभी राहिले. आता रडतील, नाहीतर नणंदेला फोन लावतील, अशी माझी अटकळ होती.

त्यांचा चेहरा असा काही खुलला! साडी छातीशी धरून त्या मुलाला हाका मारत सुटल्या. "अरे, बघितलंस का? हिने माझी बोळवण केली. आता तिकीट काढ बघू."

नवरा बाहेर आला तो माझ्यावरच उखडला. "तू आईला जायला सांगितलंस?"

"तिच्यावर कशाला डोळे वटारतोस?" सासूबाई म्हणाल्या. "मी किती वेळा म्हटलं, जाते आता. तू ऐकतोस का? सारखं आपलं पास आणि पास. हिने सोडवलं मला."

सोडवलं! खोली परत मिळत होती, हवं तेच झालं होतं, आणि मला चक्क राग आला. एवढं काय वाईट होतं माझ्या घरात? "आई, इथे कमी काय पडलं तुम्हाला?" मी विचारलं.

"कमी काही नाही गं," साडीची घडी नीट करत त्या म्हणाल्या. "तिकडे मी शेजारणीशी पाण्यावरून भांडते, भाजीवालीशी भांडते, दिवस कसा जातो कळत नाही. इथे काम उरकलं की समोर तू. आणि तू भांडतही नाहीस. नुसती बघत असतेस."

"मग आता भांडते," मी म्हणाले. "आजपासून भांडते. नका ना जाऊ."

"उशीर केलास," त्या म्हणाल्या, आणि माळ्यावरची बॅग काढायला त्यांनी मुलाला स्टूल आणायला सांगितलं.